मुक्काम आंडेर

साक्री
३ फेब्रुवारी

भाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील. ओळखूनही फोडलंस, कारण उभा जन्म तू पोस्टात काढला आहेस आणि आलेलं पत्र न वाचता टाकणं तुझ्या हातून होत नाही. फोन मात्र तुला बरोबर कापता येतो. म्हणून हा कागद.

आधी आनंदाची बातमी, भांडण मागून. तुझं आंडेर सापडलं.

पाणी पी आणि मग पुढचं वाच. तुझ्या वंशावळीच्या पुस्तकाचं प्रूफ मला चारुलताने फोनवर पाठवलं. लेकीला ओरडू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते, आत्या म्हणून तेवढा हक्क आहे मला. पुस्तक देखणं झालंय, खरं सांगते. सावद्यात आपला पहिला माणूस कोण आला, कोणाला किती लेकरं, कोण कुठल्या साथीत गेलं, सगळं कसं ओळीने मांडलंस. मी नाही त्यात. तू आहेस, जीवराम, आणि जीवरामपुढे पूर्णविराम आहे. ते भांडणात घेऊ.

मी त्यात आपली आजी शोधत होते. सापडली. 'तानुबाई. माहेर : पुनानी, मु. आंडेर, गुजरात.' चारुलता सांगत होती की या आंडेरापायी तू बडोद्यापासून भरूचपर्यंतच्या पोस्टमास्तरांना पत्रं घातलीस, नकाशे चाळलेस, आणि गाव काही मिळेना तेव्हा 'नर्मदेच्या पुरात वाहून गेलं असावं' असंही म्हणालास. वा रे भाऊ. मिळत नाही म्हणून अख्खं गाव बुडवलंस.

मलाही आधी काही कळलं नव्हतं. कळलं ते सासूबाईंना. त्या चुलीपाशी कळण्याच्या भाकरी थापत होत्या आणि मी चष्मा लावून फोनवरचं मोठ्याने वाचत होते, "पुनानी, मुक्काम आंडेर." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "कोनता पुनानी?"

मी म्हटलं, "आत्याबाई, पुनानी हे आडनाव आहे. आंडेर त्यांचं गाव."

त्या हसायला लागल्या त्या तव्यावरची भाकर करपली तरी थांबेनात. "अवं माय, आंडेर म्हन्जे पोर. पुनानी आंडेर म्हन्जे पुनानी पोर. त्यामा गाव कोठून उनं?"

भाऊ, मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं या घरात राहते, अहिराणी मला बोलता येते, सासूबाई रोज माझ्या नूतनला आंडेर म्हणतात. पण तोच शब्द छापील दिसला, मागे 'मु.' लावलेला, तर माझाही कान बंद झाला. तू तर रावेर-यावल सोडून कुठे नोकरीच केली नाहीस. धुळ्याकडे बदली नको म्हणून अर्ज करणारा तू, तुझ्या कानावर हा शब्द पडणार तरी कधी?

चारुलताने भाटाच्या वहीच्या पानाचाही फोटो पाठवलाय. तो भाट आपल्या मुलखातला नव्हताच. काही वर्षांनी एकदा वह्या लादून यायचा, ओट्यावर बसायचा आणि घरात जन्मलेली, मेलेली, लग्न होऊन आलेली नावं विचारून लिहून घ्यायचा. त्याने नव्या सुनेला विचारलं असणार, तू कोणाची. त्या पोरीने दाराआडून तिला येत होतं त्याच भाषेत सांगितलं, पुनानी आंडेर, म्हणजे पुनाची पोर. त्याने ऐकलं तसं उतरवलं. त्या पानावर स्वल्पविराम नाही, 'मु.' नाही, गुजरातही नाही. ते सगळं तुझं, पोस्टमास्तर. माणसाच्या नावापुढे काही दिसलं की ते गावच असणार, याच्या पलीकडे तुझं डोकं जातच नाही.

म्हणजे आपली आजी गुजरातची नाही, आमच्याकडची आहे. आठवतं ना, मी प्रेमराजांशी लग्न करणार म्हटल्यावर तू उंबऱ्यात उभा राहून काय म्हणालास? 'पांझरेकडचं पाणी आपल्या घराला चालत नाही.' अरे, ते तर आपल्या जन्माआधीपासून चालतंय. तू स्वतः चार आणे इकडचा आहेस.

आता खरं बोलते. नूतनचं लग्न वीस एप्रिलला इथेच साक्रीला आहे. अंतरपाट धरल्यावर तिच्या मागे मामा उभा राहायला हवा. प्रेमराज म्हणतात, लांबचा कोणी मामा उभा करू, काम भागेल. माझं भागत नाही. मला तू हवा आहेस. एवढ्यासाठी मी तुझ्या आंडेरात हात घातलाय, लपवून काय करू?

तुझी
मंदा


साक्री
१९ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. 'बोलीवरून वंशावळ ठरत नाही. कागद दाखव. पुस्तक पाडव्याला छापायला जाईल. जी.' बस. कशी आहेस नाही, लेकीचं लग्न ठरलं त्याचं काही नाही. आणि हे 'जी.' काय? जीवराम लिहायला शाई जास्त लागते का? तरीपण ते कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलंय. लग्नानंतर तुझं पहिलं अक्षर आलं माझ्या नावाने.

कागद हवा ना तुला? निघालेच मी.

प्रेमराजांच्या मोटारसायकलीवर मागे बसून तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेले. अर्ज दिला, फी भरली, आणि जन्माच्या जुन्या नोंदी पुढ्यात आल्या. भाऊ, त्या वेळी मुलींना नावच नाही रे नोंदीत. 'पुना. मुलगी.' पान उलटलं, 'पुना. मुलगी.' दुसऱ्या गावाचं पुस्तक काढलं, तिथेही पुना, त्यालाही मुलगी. या तालुक्यात एका काळी दगड मारला असता तर तो पुनालाच लागला असता. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, गाव कोणतं ते सांगा, मग काढून देते. गावाशिवाय हा समुद्र आहे." मी म्हटलं, गावच तर शोधतेय. त्यांनी चहा दिला आणि मी तोंड पाडून बाहेर आले.

येताना नदीच्या पुलावर प्रेमराजांनी गाडी बाजूला घेतली. माझा चेहरा पाहून थांबले असतील, पण म्हणाले भलतंच. "यंदा कानला पाणी बरंय अजून."

कानला. मी त्यांना म्हटलं, पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं आणि मी पुलावरच त्यांचा दंड धरून उड्या मारायला लागले. या वयात. ट्रॅक्टरवरचे लोक वळून बघत होते.

तुला आठवते का आजी गोठ्यातली? घरात ती किती कमी बोलायची. आई म्हणायची, सासूबाई मुक्या नाहीत, नुसत्या गप्प आहेत. पण गोठ्यात शिरली की तिचं तोंड सुरू व्हायचं. 'बठ्ठा चारा खाई टाक, माय.' आपण दोघं गव्हाणीमागे लपून ऐकायचो आणि मग तू सगळ्यांपुढे तिची नक्कल करायचास. आणि गाय सोडताना तिचं रोजचं एक ठरलेलं, 'चाल वं माय, कानवर पानी पेवाले जाऊत.' त्याला तर आपण केवढं हसायचो. तू म्हणायचास, म्हातारी गाईला कानाने पाणी पाजते. मग गाईचा कान धरून ओढायचास.

अरे, कान ही नदी आहे. आमच्या साक्रीवरून जाते आणि पुढे पांझरेला मिळते. आपल्या सावद्याला कुठली कान? ती गाय जन्मात तिथे गेली नाही. आजी जात होती, रोज, गाय सोडता सोडता.

म्हणजे गाव कानकाठचं. आता अख्खा तालुका उपसायला नको, नदीकाठची मोजकी गावं पाहिली की झालं. मला रात्रभर झोप नाही, सासूबाई म्हणतात हिला वारं लागलंय.

तुला मोठं पत्र लिहायचं नसेल तर नको लिहूस. एवढंच सांग, कान ओढला की लाथ झाडायची ती गाय कोणती? तांबडी की मोरी? मला काही केल्या आठवेना.

मंदा


साक्री
१२ मार्च

भाऊ,

'मोरी.'

अख्ख्या कार्डावर एवढा एक शब्द, आणि पत्ता मात्र पिनकोडसकट. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. नूतनने विचारलं, मामा असेच आहेत का. म्हटलं, असेच आहेत, आणि याहून वाईट आहेत.

आता सोबतची नक्कल उघड. सरकारी शिक्का आहे, सही आहे, तुला आवडतं ते सगळं आहे. हा फेरफार आहे. जमिनीचा मालक गेला की त्याच्या वारसांची नावं चढतात, ती नोंद. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनीच सुचवलं, की जन्माला नाव नसलं तरी वारसाला असतं. गाव बोरखेडं, कानकाठी. वाच. 'पुना वना मयत. वारस : मुलगा सुकदेव. मुलगी तानुबाई, लग्न झालेली, राहणार सावदे, तालुका रावेर.'

सावदे, भाऊ. जुने लोक आपल्या सावद्याला म्हणायचे तसंच. मी त्या ओळीवर बोट ठेवलं ते उचलेचना. प्रेमराजांनी जाऊन पेढे आणले आणि त्या हपिसात वाटले. लोक विचारत होते, मुलगा झाला का. ते म्हणाले, नाही, आजेसासू झाली.

तिथून तडक बोरखेडं. सुकदेव आता नाहीत, पण त्यांचा मुलगा आहे, वनाआबा. म्हणजे पुनाचा नातू, आपल्या बाबांचा मामेभाऊ, म्हणून तुझा-माझा काकाच. ऐंशी ओलांडली, दात गेले, कान शाबूत. अंगणात कांद्याच्या ढिगापाशी बसले होते. मी नाव-गाव सांगितलं. हातातला कांदा खाली ठेवून म्हणाले, "तू आमनी तानी आत्यानी नात शे?"

मी म्हटलं, "शे."

मग जो गलका झाला तो काय सांगू. बायका घराघरांतून बाहेर आल्या, 'आंडेर उनी, आंडेर उनी' करत. माझ्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली, खण दिला. मी आजीच्या वयाची व्हायला आले रे, आणि त्या मला माहेरवाशीण म्हणून आत नेत होत्या. मी धाय मोकलून रडले. सुखाने रडले.

आता पुढचं जरा सावकाश वाच. मी ऐकलं तसं उतरवते आहे, त्या भाटासारखी. स्वल्पविराम माझा नाही.

पुना सावद्याच्या गुरांच्या बाजाराला बैल घेऊन यायचा. त्या ओळखीतूनच लेक आपल्या घरात दिली. लग्नानंतर पहिल्यांदा तो लेकीला भेटायला घरी आला. वनाआबांनी ती गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकलेली. "तुमना घरना ओटावर पानी दिधं. मझार कोनी बलायं नही." भांडण नाही, तंटा नाही. पाणी दिलं, सुपारी दिली, आणि आत या म्हणून कोणी म्हटलं नाही. पुना उठला तो पुन्हा आपल्या दाराकडे फिरकला नाही.

पण बाजार त्याने सोडला नाही. विकायला बैल नसला तरी सावद्याला यायचा. पोरवयात वनाआबाही असायचे त्याच्याबरोबर, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आजी चाऱ्याचं निमित्त काढून बाजारात यायची. बैलांच्या आडोशाला बाप-लेक खाली मातीत बसायचे आणि त्यांच्या भाषेत पोटभर बोलायचे. आखाजीला साऱ्या खानदेशातल्या लेकी माहेरी जाऊन झोके घेतात, हिचं माहेर गुरांच्या बाजारात भरायचं. पुना वारला तसं ते मोडलं. सुकदेव धाकटा, त्याला वाट माहीत नव्हती आणि त्या दाराची भीड होती. मग त्या भाषेत बोलायला आजीला आपली गायच उरली.

कोणी असं केलं ते मी विचारत नाही. आपल्या आजोबांचा आब तुला माहीत आहे, मलाही. सगळी गेली आता. वनाआबा लग्नाला येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, माझा भाऊही येणार आहे.

मी खोटं बोलले का, भाऊ?

मंदा


साक्री
२५ मार्च

भाऊ,

कार्ड नाही. पोस्टमन दारावरून जातो आणि मी उगीच ओट्यावर तांदूळ निवडत बसते. सासूबाईंनी काल ते परत डब्यात ओतले, म्हणाल्या, आता काय तांदळाचं पीठ करशी?

पाडवा रविवारी आहे. चारुलता फोनवर नीट बोलत नाही. पप्पा गप्प असतात म्हणते, गोठ्यात जाऊन बसतात म्हणते. आता तुझ्या गोठ्यात गाय कुठली, मोटारसायकल असते ना तिथे?

वनाआबा परवा येऊन गेले. नवरीच्या मामाची गोष्ट निघाली तर म्हणाले, तुना भाऊ ना उना ते मी उभा राहसू. त्या वयात, काठी टेकत. मी त्यांच्या पाया पडले, पण नाही म्हटलं. तुझी जागा मी कोणाला देणार नाही. रिकामी राहिली तर रिकामी राहील, सगळ्या मांडवाला दिसेल, नूतनलाही दिसेल. मला त्याचं वाईट वाटेल आणि तुझा रागही येईल. आत्ताच येतोय.

मला पुस्तकात घे असं मी म्हणत नाही. राहू दे तुझा पूर्णविराम. पण 'पुनानी, मु. आंडेर' असं छापलंस तर तू त्या माणसाला दुसऱ्यांदा ओट्यावरून परत पाठवशील. तेव्हा कोणाला कळत नव्हतं असं म्हणता येईल. तुला आता कळतंय, शिक्क्यासकट कळतंय.

पत्रिका सोबत आहे. हळद-कुंकू लावलंय, झटकून टाकू नकोस.

मंदा


सावदा
४ एप्रिल

मंदा,

प्रूफ छापखान्यातून परत मागवलं. पाडव्याला पुस्तक गेलं नाही. पुस्तक काढणाऱ्या मंडळातले लोक बोलले. बोलू देत.

ते पान आता असं आहे : 'तानुबाई. पुनाची आंडेर. मु. बोरखेडं, ता. साक्री, जि. धुळे.' छापखानेवाला म्हणाला, आंडेर शब्द चुकलाय, मुलगी करा. मी म्हटलं, आहे तसा छाप.

जीवरामपुढचा पूर्णविराम काढला. तिथे तुझं नाव, प्रेमराजांचं आणि नूतनचं घेतलं. 'मु. साक्री' लिहिलं आहे. या वेळी विचारून लिहितो, बरोबर आहे ना ते कळव.

मांडवाला केळीचे खांब विकत घेऊ नका. बागेत चांगले आहेत, टेम्पोत घालून आणतो. चारुलता आणि तिची आई सोबत असतील. आम्ही आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचू. वनाआबांना सांग, खोटं बोलली नव्हतीस.

एक आहे. आल्यावर मी आधी तुमच्या ओट्यावर बसेन. पाणी तिथेच दे. आत बोलावलंस तर येईन.

जीवराम